पहिल्या ठिपक्यातलं शून्य

मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गावर दोन अँटिबायोटिक्स एकत्र देऊन बघायची, एवढंच काम होतं. गाईड मॅडमनी ते दीड मिनिटात समजावलं. मला पावणेतीन वर्षं लागली आणि त्यातले सात महिने एका शून्यानं खाल्ले.

मी पिंपरीची. बाबा हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली उभी राहिलेली सरकारी कंपनी, देशात मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन बनवायला सुरुवात झाली ती तिथे. आमच्याकडे तिला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही, नुसतं 'एचए'. मी एचए कॉलनीत वाढले आणि आता जिवाणूंच्या कॉलन्या मोजते, हा विनोद घरातल्या प्रत्येकानं किमान दोनदा करून झालाय. बाबांचं मात्र एक मत ठाम होतं. "दोन औषधं एकत्र दिली की दुप्पट गुण येतो असं कारखान्यात कुणी मानत नव्हतं," म्हणायचे. ते बोलले तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला १९५१ सालचा एक पेपर वाचायला दिला. लेपर आणि डाउलिंग या दोन अमेरिकी डॉक्टरांचा. न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात नुसतं पेनिसिलिन दिलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के दगावले. पेनिसिलिनच्या जोडीला ऑरिओमायसिन दिलं त्यांच्यातले ७९ टक्के. कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर ते अगदी साधं वाटतं. पेनिसिलिन मारतं ते वाढणाऱ्या जिवाणूला, तो नवी भिंत बांधत असताना. ऑरिओमायसिन त्याची वाढच थांबवतं. बांधकामच बंद, तर भिंत पाडणार कुठली? मी बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग? मी काय सांगत होतो?"

आमची जोडी होती अमिकासिन आणि फॉस्फोमायसिन. निवडीला दोन कारणं. नुसतं फॉस्फोमायसिन दिलं तर जिवाणू फार लवकर त्याला सरावतात. प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जो स्वच्छ गोल दिसतो, त्याच्या आतच चार-दोन हट्टी कॉलन्या उगवून येतात. जोडीदार हवाच. आणि अमिकासिनच्या घराण्याचा मोठा दोष म्हणजे ते मूत्रपिंडालाच इजा करतं. गाळणीच्या नलिकांतल्या पेशी ते शोषून घेतात आणि आत साठवून ठेवतात. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत फॉस्फोमायसिन सोबत असलं की ही इजा कमी होते असं दिसलं होतं. म्हणजे दुखणं मूत्रपिंडाचं, औषधाचा त्रासही मूत्रपिंडालाच, आणि जोडीदार दोन्हीकडे मदत करणार. कागदावर इतकं सुरेख जमत होतं की मॅडमनाच शंका यायला हवी होती.

('साठवून ठेवतात' हे मी त्या वेळी नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलंय. पुढचं वाचताना लक्षात असू द्या.)

काम सुरू होतं ते चेकरबोर्डनं. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, आठ ओळी, बारा स्तंभ. डावीकडून उजवीकडे एका औषधाची मात्रा निम्मी-निम्मी होत जाते, वरून खाली दुसऱ्याची. प्रत्येक खळग्यात तेवढेच जिवाणू. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं आणि सकाळी प्लेट उजेडाकडे धरून बघायचं: गढूळ म्हणजे वाढले, नितळ म्हणजे नाही. आमचा जिवाणू एका रुग्णाच्या लघवीतून आलेला ई. कोलाय, ईएसबीएल बनवणारा, म्हणजे सेफॅलोस्पोरिन घराण्यातल्या बहुतेक अँटिबायोटिक्सना पुरून उरलेला. त्याला थांबवायला एकट्या अमिकासिनला मिलिलिटरमागे ८ मायक्रोग्रॅम लागत होते, जोडीत २. फॉस्फोमायसिनला एकट्यानं ३२, जोडीत ८. जोडीतली मात्रा भागिले एकट्याची, हा गुणोत्तरांक दोन्हींचा पाव-पाव, बेरीज ०.५. आणि ०.५ किंवा त्याहून कमी आली की त्याला सिनर्जी, म्हणजे औषधं एकमेकांचं बळ वाढवतात, असं म्हणायचा दंडक आहे. चारच्या वर गेली तर औषधं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आम्ही बरोब्बर उंबरठ्यावर होतो. अमिकासिनचा एकच खळगा पुढे सरकला असता, २ च्या जागी ४, तर बेरीज ०.७५ आणि सिनर्जी गायब. एका खळग्याची चूक ही या पद्धतीत चूकही धरत नाहीत, तेवढं इकडेतिकडे व्हायचंच. म्हणून सहा वेळा केलं. सहापैकी पाच वेळा ०.५ किंवा खाली. त्याआधीचे दोन आठवडे वाया गेले होते ते वेगळेच, कारण फॉस्फोमायसिनच्या माध्यमात ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट घालावं लागतं हे मी वाचलं होतं आणि घातलं नव्हतं. ते असलं की जिवाणू साखर ओढून घेणारं दार उघडतो आणि त्याच दारानं औषध आत शिरतं. मिलिलिटरमागे २५ मायक्रोग्रॅम. नसेल तर दार बंद, आणि औषध निकामी असल्यासारखं दिसतं.

पण खळग्यात मूत्रपिंड नसतं. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात मीठ आणि युरिया इतके दाटलेले असतात की पांढऱ्या पेशींना तिथे धड काम करता येत नाही. लघवी आम्लधर्मी असली की अमिकासिनची धार कमी होते. आणि गुझे-काल्मन्सन यांनी १९६४ साली दाखवलं होतं की पेनिसिलिननं बऱ्या झालेल्या वाटणाऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडात जिवाणू भिंतीशिवायच, नागव्यानं, जिवंत राहिलेले असतात. त्या खारट गाभ्यात ते फुटत नाहीत. साध्या प्लेटवर मूत्रपिंड साफ दिसतं. म्हणून प्राणी.

प्राण्यांसाठी आधी नैतिकता समितीची मंजुरी. फॉर्म बी भरायचा, किती प्राणी, का तेवढेच, वेदना होऊ नये म्हणून काय करणार, सगळं. आमच्या समितीत नियमाप्रमाणे एक सदस्य विज्ञानाबाहेरच्या होत्या, निवृत्त शिक्षिका. बाकीचे भुलीच्या मात्रेबद्दल विचारत होते. बाईंनी एकच विचारलं, "बाळ, बत्तीस चालले असते तर चाळीस का?" मी सांगितलं: चार गट, प्रत्येकी आठ. एकाला नुसतं सलाईन, एकाला अमिकासिन, एकाला फॉस्फोमायसिन, एकाला दोन्ही. आणि वरचे आठ उपचार सुरू होण्याच्या क्षणी मूत्रपिंडात किती जिवाणू होते हे मोजायला, नाहीतर औषधानं कमी केले की मुळातच कमी होते हे कळणार नाही. बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

उंदीर म्हणजे बाल्ब-सी जातीच्या पांढऱ्या माद्या, वजन २० ग्रॅमच्या आसपास. माद्याच का, तर त्यांच्या मूत्रमार्गात नळी घालता येते. नळी म्हणजे काय, तर सर्वांत बारीक सुईवर चढवलेला पॉलिथिनचा तुकडा, शेवयीपेक्षा बारीक. भूल द्यायची, पोटावर हलकं दाबून मूत्राशय रिकामं करायचं, आणि मग ती नळी. पहिल्या दिवशी माझे हात असे थरथरत होते की अ‍ॅनिमल हाऊसच्या मामांनी माझ्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल सरकवला आणि म्हणाले, "हात हवेत नको ठेवू. शिवणकाम करतात ना, तसं टेकव." एवढ्यानं निम्मी थरथर गेली. आधी तासभर पाणी काढून घ्यायचं, म्हणजे घातलेले जिवाणू लगेच लघवीवाटे धुऊन जात नाहीत. मग ५० मायक्रोलिटर, एका थेंबाइतकं, त्यात साधारण ५ कोटी जिवाणू. हे सावकाश सोडायचं. जोर लावला तर ते मूत्राशयातून थेट मूत्रपिंडात उसळतं आणि मग तो चढत गेलेला संसर्ग राहत नाही, आपणच वर ढकललेला होतो. नंतर पिण्याच्या पाण्यात ५ टक्के ग्लुकोज, त्यानं संसर्ग टिकतो.

चोवीस तासांनी औषध. इथे माणसाचं वेळापत्रक चालत नाही. माणसात अमिकासिन निम्मं व्हायला दोनेक तास लागतात, उंदरात अर्ध्या तासाच्या आत. म्हणून फॉस्फोमायसिन दर सहा तासांनी, अमिकासिन बारा तासांनी. संध्याकाळी आठ, रात्री दोन, सकाळी आठ. रात्री दोनच्या फेरीला वॉचमन काका गेट उघडताना रोज तेच विचारायचे, "आजपण उंदरांचं दुखतंय का?"

दोन दिवस उपचार, मग प्राणी वेदनारहित पद्धतीनं मारायचे आणि मूत्रपिंडं काढायची. पावट्याच्या दाण्याएवढी असतात. सलाईनच्या उंदरांत काहींवर नुसत्या डोळ्यांनी पिवळट ठिपके दिसत होते, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा एकाच बाजूला. डावं खराब, उजवं स्वच्छ. दोन्ही मिळून १ मिलिलिटर सलाईनमध्ये वाटायची, त्या वाटणाचे दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत नमुने करायचे आणि मॅकाँकी प्लेटवर प्रत्येकाचे २० मायक्रोलिटरचे ठिपके टाकायचे. माइल्स आणि मिश्रा यांची १९३८ ची पद्धत. जगभर वापरतात, आणि त्यातला मिश्रा आपल्याकडचा याचा मला उगाच अभिमान आहे. सकाळी ठिपक्यांत गुलाबी कॉलन्या, एकेक कॉलनी एकेका जिवाणूपासून वाढलेली. मोजा, गुणा.

माझी चूक इथे झाली. आळस म्हणा, काटकसर म्हणा. सलाईनच्या गटात जिवाणू खूप असणार म्हणून त्यांचे सगळे नमुने लावले. औषधाच्या गटांत कमीच असणार, मग हजारपटीचा ठिपका कशाला? दाट वाटण आणि दहापट, दोनच लावले. प्लेटा संपत आल्या होत्या आणि पाठ दुखत होती.

सकाळी अमिकासिनच्या गटात जवळजवळ काही नाही. जोडीच्या गटात तर आठही प्लेटा कोऱ्या. मी वहीत आठ शून्यं लिहिली, एकाखाली एक, आणि फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं: "पेढे कधी?" पेढे आणले मी. मामांनाही दिले.

एकच प्लेट खटकत होती. अमिकासिनच्या पाचव्या उंदराची. दाट वाटणाच्या ठिपक्यात काहीच नाही आणि दहापट पातळ केलेल्यात तीन कॉलन्या. उलटं हवं ना? खाली तीन तर वर तीस हवेत. मी समासात लिहिलं, 'बाहेरून शिरलेले असावेत'. तीन गुलाबी, एकसारख्या, व्यवस्थित गोल कॉलन्या बाहेरून शिरून नेमक्या त्याच ठिपक्यात बसल्या असं मी स्वतःला पटवलं आणि झोपायला गेले. माणूस चांगल्या निकालापुढे किती समजूतदार होतो!

महिन्याभरानं लॅब मीटिंगमध्ये एका सीनियर दादानं ती प्लेट पडद्यावर बघितली आणि पेढ्याबद्दल काही न बोलता एवढंच म्हणाला, "तुझ्या वाटणात अमिकासिन किती उरलंय ते बघितलंस?"

मी काही बोललेच नाही. 'साठवून ठेवतात', माझंच अक्षर. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात हे औषध रक्तापेक्षा कितीतरी पट साठतं, आणि तिथून उतरायला तास नाही, दिवस लागतात. उंदीर मेला, मूत्रपिंड वाटलं, वाटणाबरोबर औषधही प्लेटवर आलं आणि जे जिवाणू उंदराच्या पोटात जिवंत होते त्यांना माझ्या प्लेटवर मारत बसलं. पातळ केलेल्या ठिपक्यात औषध कमी, म्हणून तीन वाचले. आणि जोडीच्या गटात तर अमिकासिन पाव मात्रेतही पुरत होतं. चेकरबोर्डनं ते आधीच सांगून ठेवलेलं.

खात्री करायची पद्धत शाळकरी आहे. संसर्ग न केलेल्या उंदराला तेवढंच औषध द्या, मूत्रपिंड वाटा, त्या वाटणात मोजून जिवाणू घाला. ही मूत्रपिंडं दुसऱ्या एका प्रयोगात तसेही जाणार होते त्या उंदरांची मिळाली. मिलिलिटरमागे २००० जिवाणू घातले, म्हणजे २० मायक्रोलिटरच्या ठिपक्यात चाळीस कॉलन्या यायला हव्यात. सलाईनच्या वाटणात आल्या ३८. अमिकासिनच्या वाटणात: शून्य, शून्य, एक.

त्या एकीकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

मग धुणं सुरू झालं. वाटण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं पाणी टाकायचं, नव्या सलाईनमध्ये गाळ सोडायचा, परत फिरवायचं. एकदा धुतल्यावर चाळीसपैकी सात आल्या. दोनदा धुतल्यावर अठरा. तिसऱ्यांदा फार फरक नाही, कारण औषध पेशींच्या तुकड्यांत अडकून गाळाबरोबरच खाली बसतं. शेवटी उपाय सापडला तो ब्लड कल्चरच्या बाटलीत. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून त्यात एसपीएस नावाचं रसायन घालतात, आणि ते अमिकासिनच्या जातीच्या औषधांना धरून निष्प्रभ करतं. वाटण दोनदा धुवायचं आणि प्लेटमधल्या घट्ट जेलीत, म्हणजे आगारमध्येच, एसपीएस घालायचं. चाळीसपैकी छत्तीस. नुसत्या एसपीएसनं जिवाणूंना त्रास होत नाही ना, तेही वेगळं तपासलं. या सगळ्यात पावसाळा गेला.

आणखी एक हिशेब दादानं शिकवला. १ मिलिलिटर वाटणातले फक्त २० मायक्रोलिटर आपण बघतो. त्यात एक कॉलनी म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांत मिळून ५०. म्हणजे सगळं नीट केलं तरी माझ्या शून्याचा अर्थ '५० पेक्षा कमी' एवढाच. ४९ असतील. औषध बंद झाल्यावर चोवीस तासांत ४९ चे किती होतात ते ई. कोलायला विचारा.

जुनी वाटणं उपयोगाची नव्हती, औषधात महिना काढलेली. प्रयोग परत करायचा म्हणजे परत चाळीस, परत समिती. मी दुरुस्तीचा अर्ज केला, कारण सविस्तर लिहिलं. बाकीच्यांनी नवीन पद्धतीचं कौतुक केलं. बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे पहिले चाळीस गेले ते?"

मी म्हटलं, "पूर्ण नाही बाई. सलाईनचा गट आणि सुरुवातीचे आठ वापरता येतील. फॉस्फोमायसिन साठत नाही, पण त्यांचेही पुढचे ठिपके मी लावले नव्हते, तेव्हा…"

"म्हणजे चोवीस."

"हो."

त्यांनी कागदावर २४ लिहिलं. आणि मंजुरी दिली, पण एका अटीवर: सलाईनचा गट परत करायला लागणार असेल तर आठ नाही, चारच. मी संख्याशास्त्रवाल्यांकडे जाऊन आले, त्यांनी पाच मागितले, बाईंनी पाच मान्य केले. सुरुवातीचे आठ परत केलेच नाहीत. म्हणजे दुसऱ्या खेपेला २९.

दुसरी खेप शांतपणे झाली. हात टेकलेले, सगळे ठिपके सगळ्या प्लेटांवर, हजारपटीपर्यंत. यावेळी जोडीच्या आठ उंदरांपैकी तिघांत काही उगवलं नाही. बाकीच्या पाचांत उगवलं. एकाच्या मूत्रपिंडात तर जवळजवळ सलाईनच्या उंदराइतकंच. एकट्या अमिकासिनपेक्षा जोडी सरस होती, एवढं आकडेवारी म्हणाली, पण खळग्यांनी जी चौपट बचत दाखवली होती तिच्या जवळपासही नाही. मूत्राशयात तर अमिकासिन आणि जोडी यांच्यात फरकच नव्हता. फॉस्फोमायसिनच्या एकट्या गटात मात्र अपेक्षेप्रमाणे सरावलेले निघाले, आणि जोडीच्या गटात त्यातलं एकही सापडलं नाही. मला विचाराल तर या जोडीचा खरा फायदा तोच आहे: मारण्यात नाही, सरावू न देण्यात. मॅडमना अजून पहिला मुद्दा जास्त आवडतो. पेपरमध्ये दोन्ही आहेत, त्यांचा आधी.

बाबांना निकाल सांगितला. "दुप्पट नाही ना?" ते म्हणाले. म्हटलं, नाही, दुप्पट नाही.

थिसिस लिहायला वही उघडली तेव्हा ते पान परत समोर आलं. वहीतलं खोडायचं नसतं, पांढरी शाई लावायची नसते. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. बरोबर काय ते मला माहीतच नव्हतं. म्हणून अमिकासिनचे आठ आणि जोडीचे आठ, प्रत्येकाच्या आकड्यावर रेघ मारून बाजूला लिहिलं, 'मोजता आले नाहीत, औषध प्लेटवर आले'. सही, तारीख. सोळा वेळा. पाचव्या उंदरापाशी समासातल्या 'बाहेरून शिरलेले असावेत' वरही एक.